दारूचे अडीच टक्के: आकडा वाचायचा की नुसता फेकायचा?

घोडबंदरवाला: काल इथे एका साहेबांनी लिहिलं की २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात दारूमुळे जेमतेम अडीच टक्के, सत्तर टक्क्यांच्या वर वेगामुळे, तेव्हा नाकाबंदी म्हणजे निव्वळ वसुली. अहो, चार पेग मारून नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर सुसाट सुटलेला माणूस कागदावर 'अतिवेग'च होतो! पळालेला दुसऱ्या दिवशी वकिलासकट हजर झाला तर रक्तात उरणार काय? तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम उतरते, कायद्याची मर्यादा शंभर मिलीला तीस. करा हिशोब.

कासारवडवलीकर: ते साहेब मीच. केला हिशोब. नसलेला आकडा तुम्ही पदरचा भरताय. आणि आमच्या ठाण्याच्या गायमुख घाटातले खड्डे काय दारू पिऊन पडलेत?

माजिवडा_नाका: +१. मेट्रोचे पत्रे, खाली खडी, दिवे बंद. बाइकवाला शुद्धीत असून आडवा होतो.

कासारवडवलीकर: तेच तर! दरवर्षी डांबर ओततात, पहिल्या पावसात गायब. ठेकेदाराला पोलिसांच्या दारू तपासायच्या नळीत फुंकायला लावा आधी.

नेरूळची ताई: झालं, आले खड्ड्यावर! माझ्या चुलतभावाला वाशीत उडवलं. तो पोरगा गाडीतून उतरला तोच दाराला धरून. हवालदार म्हणाला फुंक, तर गाल फुगवून नुसतं नाटक, हवा सगळी नाकातून. मित्र म्हणे, 'खोकल्याचं औषध घेतलंय.' भाऊ अजून काठीवर चालतो. तिथे खड्डा नव्हता हो, गुळगुळीत रस्ता होता.

कासारवडवलीकर: ताई, वाईट वाटलं. पण एका केसवरून धोरण ठरत नाही.

नेरूळची ताई: आणि तुमच्या एका खड्ड्यावरून ठरतं?

उरण_ट्रेलर: मालक दोन फेऱ्या एका रात्रीत मागतो. डोळे मिटतात, स्टिअरिंग हातात. झोपेला कुठली नळी आहे? दारूवाल्याला निदान दहा हजाराचा दंड तरी आहे.

घोडबंदरवाला: हे मात्र खरंय. गांजावाला पण त्या नळीत सापडत नाही. म्हणूनच म्हणतो, अडीच हा पकडलेल्यांचा आकडा.

कासारवडवलीकर: बरं बाबा, अडीचचे पाच धरा, खूश? नाकाबंदी ठेवा. पण ३१ डिसेंबरला फ्लॅश मारत फोटो काढण्यापुरती नको. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी दर शनिवारी रात्री एक वाजता उभे राहा, मग मानतो.

माजिवडा_नाका: उभे राहायला जागा कुठाय, खड्ड्यात?