नवी चिंच आलीय, कुणाला हवी?

सुनीता (ए-२०४): गावाहून जाऊबाईंनी पाच किलो चिंच पाठवलीय. टरफलं काढलेली आहेत, शिरा नि चिंचोके तसेच. एवढीचं मी काय करू? हवी त्यांनी सांगा.

मेधा (बी-३०१): अर्धा किलो माझी. दुकानातली आणली की निम्मे चिंचोकेच निघतात, वर काळीकुट्ट.

पूजा (सी-२०२): गाभुळलेली आहे का ताई? पोरं मागे लागलीत.

सुनीता: गाभुळलेली आता एप्रिलात कुठली गं! सगळी पिकलेली आहे.

देशपांडे काकू (ए-१०२): मेधा, काळी म्हणजे वाईट नव्हे, ती जुनी. सासूबाई वर्षाची जुनी चिंचच वापरायच्या, नवी बाधते म्हणून. मला विचाराल तर चिंचगुळाच्या आमटीला नवीच, रंग बघा काय येतो.

रोहन (सी-४०३): काकू, ठेवायची कशी? गेल्या वर्षी आईने दिलेली तशीच डब्यात भरली. पावसाळ्यात उघडला तर अळ्या. डब्यासकट टाकली 😖

देशपांडे काकू: मीठ लावलं नव्हतंस ना? दोन दिवस कडक उन्हात टाक, चिंचोके नि शिरा काढ, खडेमीठ घालून बत्त्याने चेच आणि गोळे करून चिनीमातीच्या बरणीत दाबून भर. ॲल्युमिनियमचा डबा नको, आंबट त्याला खातं. काढताना ओला हात लावायचा नाही.

रोहन: मीठ किती?

देशपांडे काकू: किलोला दोन मुठी. तुझ्या नाही, माझ्या.

जोशी काका (बी-१०३): मीही एक कबुली देतो. गणपतीत समई चकचकीत करायची म्हणून चिंचेच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी पितळेवर गुलाबी चट्टे! जस्त निघून गेलं नि तांबं वर आलं म्हणे. हिने तेव्हापासून देवघरातल्या भांड्यांना हात लावू दिलेला नाही.

मेधा: काका, भिजवायची नसते हो! चिंच-मीठ घेऊन पाच मिनिटं चोळायचं, धुवायचं, लगेच कोरडं पुसायचं. ओलं राहिलं तर परत काळं पडतं.

माने (सी-१०१): चिंचोके कुणी टाकू नका. आमच्या सांगोल्याकडं चिंचोके कुटून शिजवतात, ती खळ घोंगडीला लावतात. नवी घोंगडी अशी ताठ, की घडी घालताना कुरकुर वाजते. लहानपणी आम्ही चिंचोके फोडून फासे करायचो. एक बाजू तपकिरी, एक पांढरी. सगळे पांढरे पडले की परत डाव. भाजून खायचो ते वेगळंच. दात शाबूत होते तेव्हा.

पूजा: मला पावशेर द्या. अळूचं फदफदं करायचंय. मागच्या वेळी चिंच संपली होती, तशीच केली. घरात सगळ्यांचे घसे खाजले, नवरा अजून अळू बघितलं की पाणी पितो.

जोशी काका: समईचे चट्टे चिंचेनेच जातील का?

देशपांडे काकू: नाही हो, तिला आता पॉलिशवाल्याकडेच न्या. आणि वहिनींना बरोबर घेऊन जा.

सुनीता: उद्या सकाळी दहानंतर या. पिशवी नको, चिकटते. डबा आणा, स्टीलचा चालेल. माने दादा, तुमच्यासाठी चिंचोके बाजूला काढून ठेवते, पण फोडून तुम्हीच घ्या.