शब्दचर्चा: 'डायोसिसन कन्व्हेन्शन'ला मराठीत काय म्हणावं?

दवात
अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या (अँग्लिकन परिवारातलं तिथलं चर्च) एका धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या, वार्षिक कन्व्हेन्शनचे कागद मराठीत आणायचे आहेत: कार्यक्रमपत्रिका, ठराव, अंदाजपत्रक, निवडणुकीचे नियम. मेळावा, संमेलन, परिषद, अधिवेशन, वार्षिक सर्वसाधारण सभा असे पर्याय सुचवले गेले आहेत. यातला कोणता टिकेल? डेप्युटी, व्होट बाय ऑर्डर्स, कॅनन, असेसमेंट हे शब्दही अडले आहेत.

खडूफळा
शब्द निवडण्याआधी तिथे मत कोण देतं ते बघा. धर्मप्रांताच्या सेवेत रीतसर नोंद असलेले धर्मगुरू बहुतेक ठिकाणी पदसिद्ध सभासद असतात. प्रत्येक चर्चने निवडून पाठवलेले प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले, प्रतिनिधी हा दुसरा गट. एका चर्चचे किती, ते धर्मप्रांताच्या नियमावलीत सभासदसंख्येनुसार ठरलेलं असतं. अध्यक्षस्थानी बिशप. बहुधा शुक्रवार-शनिवार असे दोन दिवस काम चालतं. अंदाजपत्रक मंजूर होतं, स्थायी समितीच्या जागा भरल्या जातात, ठराव होतात, नियम बदलतात. म्हणजे हे कायदे करणारं मंडळ आहे. 'मेळावा' आणि 'संमेलन' इथेच बाद. मेळाव्यात कोरम लागत नाही.

'वार्षिक सर्वसाधारण सभा' हा शब्द खर्ची घालू नका, तो खालच्या पायरीवर लागणार आहे. प्रत्येक चर्चची स्वतःची वार्षिक सभा असते. तिथे पात्र सभासद स्वतः येऊन मत देतात आणि व्हेस्ट्री, म्हणजे चर्चची कार्यकारिणी, निवडतात. आपल्या सोसायटीच्या सभेसारखीच. कन्व्हेन्शनमध्ये मात्र फक्त प्रतिनिधी असतात.

माझं मत 'अधिवेशन'. 'काँग्रेसचं अधिवेशन' म्हटलं की ठिकठिकाणचे प्रतिनिधी, अध्यक्ष, ठराव हे सगळं मराठी वाचकाच्या डोळ्यासमोर येतंच.

मुद्रितशोधक
अधिवेशनाला अर्धी संमती. इंग्रजीत 'कन्व्हेन्शन' हे त्या मंडळाचंही नाव आहे आणि त्याच्या बैठकीचंही. 'कन्व्हेन्शन स्थायी समिती निवडेल' या वाक्यात मंडळ आहे, 'कन्व्हेन्शन नोव्हेंबरात भरेल' यात बैठक. विधानसभा वेगळी आणि तिचं हिवाळी अधिवेशन वेगळं, हा भेद मराठीला चांगला ठाऊक आहे, तो वापरा. मंडळाला 'धर्मप्रांतीय सभा', बैठकीला 'वार्षिक अधिवेशन'. बिशप निवडायला मध्येच बोलावतात ते 'विशेष अधिवेशन'. घटना-नियमांच्या मजकुरात हा फरक पाळला नाही तर 'अधिवेशनाचे अधिवेशन' अशी वाक्यं तयार होतात.

वसईचा वारा
'कन्व्हेन्शन' तसंच ठेवलं तर? धर्मप्रांत, बिशप हे शब्द रुळलेत, तसं हेही रुळेल.

खडूफळा
रुळलेलं आहे, पण दुसऱ्याच अर्थाने, म्हणून नको. भारतातल्या ख्रिस्ती कानाला 'कन्व्हेन्शन' म्हणजे अनेक दिवसांच्या प्रवचनसभा. केरळात पंपा नदीच्या वाळवंटात भरणारं मारामण कन्व्हेन्शन हे ठळक उदाहरण. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही कन्व्हेन्शन म्हटलं की बाहेरगावचा वक्ता, मांडव आणि गीतं. तिथे अंदाजपत्रकावर मतदान होईल अशी कोणाची अपेक्षा नसते.

'वार्षिक परिषद'चीही तीच गत. मेथॉडिस्टांची 'ॲन्युअल कॉन्फरन्स' आपल्याकडे जुनी आहे, आणि बिशप पाळकांच्या नेमणुका जाहीर करतात ते तिथे. त्यात त्या चर्चचं जुनं नाव 'मेथॉडिस्ट एपिस्कोपल'. 'एपिस्कोपल चर्चची वार्षिक परिषद' असं छापलंत तर एखादा जाणता वाचक बदल्यांची यादी शोधेल. एपिस्कोपल कन्व्हेन्शनमध्ये बदल्या होत नाहीत. तिथे रेक्टरला, म्हणजे प्रमुख धर्मगुरूला, त्या-त्या चर्चची व्हेस्ट्री निवडते, बिशपशी सल्लामसलत करून.

मुद्रितशोधक
'परिषद' टाळायला आणखी एक कारण आहे. बहुतेक धर्मप्रांतांत 'डायोसिसन कौन्सिल' नावाचं छोटं मंडळ असतं, ते दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात कारभार बघतं. पण टेक्सास, वेस्ट टेक्सास, मिसिसिपी या धर्मप्रांतांत वार्षिक अधिवेशनालाच 'कौन्सिल' म्हणतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात दक्षिणेतल्या एपिस्कोपल धर्मप्रांतांनी वेगळं चर्च काढलं होतं आणि १८६२ साली जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे त्याची 'जनरल कौन्सिल' भरली होती. दक्षिणेतल्या या सवयीचं मूळ तिकडे दाखवतात. म्हणून 'कौन्सिल' दिसताच 'कार्यकारी परिषद' लिहू नका. वर्षातून एकदा भरते आणि शेकडो माणसं येतात, तर सभा. महिन्या-दोन महिन्यांनी भरते आणि वीसेक माणसं असतात, तर परिषद.

'कन्व्होकेशन'लाही जपा. भाषांतर करणारं यंत्र त्याचा 'दीक्षान्त समारंभ' करतं. एपिस्कोपल वापरात तो धर्मप्रांताचा एखादा विभाग असतो, किंवा युरोपातल्या एपिस्कोपल चर्चेसचा समूह. भरीला ख्रिस्ती मराठीत 'दीक्षा' म्हणजे धर्मगुरुपदाची दीक्षा, त्यामुळे घोळ दुप्पट.

दवात
सभा आणि अधिवेशन, पटलं. आता 'डेप्युटी'. 'हाउस ऑफ डेप्युटीज'चं कच्च्या मसुद्यात 'उपसभागृह' झालंय.

खडूफळा
डेप्युटी कलेक्टरला उपजिल्हाधिकारी म्हणायच्या सवयीने ते झालं असणार. इथे 'उप' काहीच नाही. एपिस्कोपल चर्चची सर्वोच्च सभा म्हणजे जनरल कन्व्हेन्शन. पहिली १७८५ साली फिलाडेल्फियात भरली. आता साधारणपणे तीन वर्षांनी भरते, ८१वी २०२४ च्या जूनमध्ये लुईव्हिलला झाली. तिची दोन सभागृहं: बिशपांचं एक, डेप्युटींचं दुसरं. डेप्युटींच्या गृहात प्रत्येक धर्मप्रांतातून जास्तीत जास्त चार दीक्षित (धर्मगुरुपदाची दीक्षा घेतलेले) आणि चार प्रापंचिक सभासद जातात, आणि त्यांना धर्मप्रांतीय सभाच निवडते.

ते 'डेलिगेट' हा शब्द मुद्दाम टाळतात. डेलिगेट म्हणजे पाठवणाऱ्याचा निरोप पोचवणारा. डेप्युटीने चर्चा ऐकून स्वतःच्या विवेकाने मत द्यायचं असतं. मराठीत दोघांनाही 'प्रतिनिधी'च म्हणावं लागतं. म्हणून धर्मप्रांताच्या पातळीवर 'प्रतिनिधी' आणि वरच्या सभेत 'सभासद' अशी विभागणी करा, गृहाला 'सभासदगृह' म्हणा.

वसईचा वारा
इंग्रजीतल्या 'ले' (lay) साठी 'प्रापंचिक' वापरलंत ते बरं केलंत. आमच्या कॅथलिक मराठीत तो रोजचा शब्द आहे, 'पॅरिश'साठी 'धर्मग्राम'ही. पण प्रॉटेस्टंट वाचकाला धर्मग्राम परका वाटेल का?

खडूफळा
वाटेल, त्यांच्याकडे 'मंडळी' चालतं. 'पॅरिश'साठी मी 'मंडळी' घेईन, कारण ठरावांत 'सर्व मंडळ्यांनी' हे सहज बसतं. मात्र 'मिशन' आलं की थांबा. मराठीत मिशन म्हणजे अमेरिकन मराठी मिशनसारखी अख्खी संस्था. एपिस्कोपल नियमावलीत 'मिशन' म्हणजे स्वतःच्या पायावर उभी नसलेली, धर्मप्रांताच्या आधाराने चालणारी मंडळी. तिच्या धर्मगुरूला बहुधा 'व्हिकर' म्हणतात, कारण तो तिथे बिशपच्या वतीने काम करतो. स्वावलंबी मंडळीचा तो 'रेक्टर'. रेक्टर आणि वॉर्डन हे दोन्ही शब्द महाराष्ट्रात वसतिगृहाचे आहेत, त्याला इलाज नाही. पहिल्या उल्लेखाला 'मंडळीचे प्रमुख धर्मगुरू, म्हणजे रेक्टर' आणि 'व्हेस्ट्रीतले ज्येष्ठ विश्वस्त, म्हणजे सीनियर वॉर्डन' असं लिहून पुढे चला.

'चॅन्सेलर' कुलपती नव्हे. तो धर्मप्रांताचा कायदा सल्लागार, बहुधा वकील.

मुद्रितशोधक
बिशपला 'बिशप'च ठेवा. मराठी बायबलात या पदासाठी 'अध्यक्ष' शब्द आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्याच ओळीत 'अध्यक्ष व सेवक' येतात. कार्यवृत्तात तो वापरलात तर बिशप कोण आणि त्या तासाला बैठक चालवणारा कोण, हे कळणार नाही. बिशपने मधल्या एखाद्या सत्रासाठी खुर्ची दुसऱ्याकडे दिली की संपलंच.

दुय्यम बिशपांचेही तीन प्रकार आहेत आणि सरसकट 'सहायक बिशप' लिहिण्याची चूक फार होते. कोअडज्युटर निवडून येतो, आणि मुख्य बिशप निवृत्त झाला की आपोआप त्याच्या जागी बसतो: 'उत्तराधिकारी बिशप'. सफ्रगन निवडून येतो, पण त्याला वारसाहक्क नाही. १९८८ साली मॅसॅच्युसेट्सने बार्बरा हॅरिस यांना निवडलं ते सफ्रगन म्हणूनच; फेब्रुवारी १९८९ मध्ये बिशपपदाची दीक्षा घेऊन त्या जगभरच्या अँग्लिकन परिवारातल्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. तिसरा असिस्टंट, तो नेमलेला असतो. 'सहायक' फक्त त्याला. सफ्रगन तसंच ठेवा.

दवात
'व्होट बाय ऑर्डर्स'? 'आदेशानुसार मतदान' हे चूक आहे एवढं कळतंय.

खडूफळा
'वर्गवार मतदान'. ऑर्डर म्हणजे इथे दीक्षितांचा वर्ग आणि प्रापंचिकांचा वर्ग. दोन्ही वर्गांची मतं वेगळी मोजायची आणि दोन्हीत बहुमत हवं. समजा, दीक्षितांची ९० आणि प्रापंचिकांची १५० मतं पडली. ठरावाला प्रापंचिकांतून १४० आणि दीक्षितांतून ४४ मिळाली. एकूण २४० पैकी १८४, तरी ठराव पडला, कारण दीक्षितांत ४६ लागत होती. अनुवादात 'बहुमताने' एवढंच लिहिलं तर हा निकाल वाचकाला छापील चूक वाटेल. 'दोन्ही वर्गांत स्वतंत्र बहुमताने' असं पूर्ण लिहा.

बिशपची निवड याच पद्धतीने होते. न्यू हॅम्पशरने ७ जून २००३ रोजी जीन रॉबिन्सन यांना दुसऱ्या फेरीत निवडलं. दीक्षितांच्या ७७ पैकी ५८, प्रापंचिकांच्या १६५ पैकी ९६ मतं मिळाली. हवी होती ३९ आणि ८३. यातल्या 'बॅलट'ला 'मतपत्रिका' न म्हणता 'फेरी' म्हणा. 'दुसऱ्या मतपत्रिकेवर निवडून आले' हे मराठी नाही.

निवड झाली की लगेच बिशप होत नाही. इतर धर्मप्रांतांच्या स्थायी समित्या आणि अधिकारारूढ बिशप, दोन्हींकडून बहुमताने 'कन्सेंट' लागतो: 'संमती'. 'अनुमोदन' लिहू नका, तो ठरावाला दुजोरा देणाऱ्याचा शब्द आहे.

मुद्रितशोधक
वरच्या सभेतलं वर्गवार मतदान आणखी वेगळं, तिथे धर्मप्रांताच्या प्रत्येक वर्गाला मिळून एकच मत. चौघांत दोन-दोन अशी फूट पडली तर ते मत 'विभागलेलं' धरतात आणि ठराव मंजूर व्हायला त्याचा उपयोग होत नाही. 'तटस्थ' मात्र लिहू नका, तटस्थ राहणारा स्वतःहून राहतो.

आता 'कॅनन'. एक अर्थ नियम: 'कॉन्स्टिट्यूशन अँड कॅनन्स' म्हणजे 'घटना आणि नियमावली'. दुसरा अर्थ धर्मगुरूचं मानपद. 'कॅनन टू द ऑर्डिनरी' हे बिशपच्या कार्यालयातलं वरिष्ठ पद. इथला 'ऑर्डिनरी' म्हणजे अधिकार चालवणारा बिशप. याचं 'सामान्यांसाठी नियम' असं भाषांतर झालेलं दिसलं तर हसून सोडून देऊ नका, दुरुस्त करा. 'बिशपचे प्रमुख सहकारी' पुरे.

अनेक धर्मप्रांतांत घटनादुरुस्ती लागोपाठच्या दोन वार्षिक अधिवेशनांत मंजूर व्हावी लागते. तिला 'पहिलं वाचन, दुसरं वाचन' म्हणतात. विधिमंडळाच्या सवयीने मराठी वाचकाला दोन्ही एकाच अधिवेशनात झाल्यासारखी वाटतील. 'पहिल्या वर्षीची मंजुरी' असं उघड लिहा.

दवात
'असेसमेंट'चं 'मूल्यमापन' केलं होतं. ते चूक दिसतंय.

खडूफळा
'आकारणी'. घरपट्टीत जो अर्थ तोच. मंडळ्यांनी धर्मप्रांताला द्यायची रक्कम. तिचं सूत्र प्रत्येक धर्मप्रांताचं वेगळं. धर्मप्रांत वरच्या चर्चला देतो ती, ठरावीक रक्कम वगळून उरलेल्या उत्पन्नाच्या १५ टक्के. काही धर्मप्रांत सक्तीची आकारणी न करता 'प्लेज' घेतात, तिथे 'कबूल वर्गणी' म्हणा, 'शपथ' नको. आकारणी थकली तर काही ठिकाणी त्या मंडळीच्या प्रतिनिधींचं मत जातं, बसण्या-बोलण्याचा हक्क राहतो. म्हणूनच नियमांत 'सीट, व्हॉइस अँड व्होट' असे तीन शब्द वेगळे येतात. 'बसण्याचा, बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क' हे लांब झालं तरी चालेल. पाहुण्यांना पहिले दोनच मिळतात.

वसईचा वारा
'टेबल' झालेल्या ठरावाचं काय? 'पटलावर ठेवला' बरोबर आहे ना?

मुद्रितशोधक
नेमकं उलटं होईल! ब्रिटिश वापरात टेबल करणं म्हणजे चर्चेला मांडणं, आणि आपलं 'पटलावर ठेवणं' त्याच्या जवळचं. अमेरिकन सभा बहुधा रॉबर्टच्या सभानियमांवर चालतात आणि तिथे 'टेबल' म्हणजे चर्चा थांबवून बाजूला ठेवणं. 'ठराव बाजूला ठेवण्यात आला'. तो त्याच अधिवेशनात परत उचलता येतो, म्हणून 'फेटाळला' नको, 'पुढच्या वर्षावर ढकलला'ही नको.

ठरावाच्या मसुद्यात 'रिझॉल्व्हड'ने सुरू होणारी कलमं तेवढीच मंजूर होतात. खालचं 'एक्सप्लनेशन' ठरावाचा भाग नसतो. मराठीत दोन्ही एकाच टायपात छापू नका, 'ठरवण्यात येते की' आणि 'स्पष्टीकरण' यांत एक रेघ मारा.

दवात
शेवटचे तीन: 'मेमोरियल', 'नेक्रॉलॉजी', 'साइनी डाय'.

खडूफळा
मेमोरियल म्हणजे सभेला सादर केलेलं 'निवेदन', स्मारक नाही. नेक्रॉलॉजी म्हणजे वर्षभरात वारलेल्यांची वाचली जाणारी 'स्मरणयादी'. आणि 'साइनी डाय'चं 'बेमुदत तहकूब' करू नका, गोंधळ होऊन सभा मोडली असं वाटतं. 'अधिवेशन समाप्त झाले' लिहा.