वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांची तरतूद

दर महिन्याचा हिशेब चोख ठेवूनही जूनमध्ये हातउसने घ्यावे लागतात, या अनेकांच्या अडचणीचे मूळ मला उधळपट्टीत नव्हे, तर हिशेबाच्या कालावधीत दिसते. किराणा, दूध, वीजबिल हे खर्च महिन्याच्या चौकटीत बसतात. परंतु शाळेची फी, गणवेश, वाहनाचा विमा, घरपट्टी, उन्हाळ्यात भरायचे वर्षाचे गहू आणि मसाला, गणपती-दिवाळी हे सारे आधीपासून ठरलेले असूनही आपण त्यांना अचानक आलेले मानतो. त्यांची बेरीज समजा ९६,००० रुपये झाली, तर दरमहा ८,००० रुपये पगार जमा होताच बाजूला पडावेत आणि उरलेल्या रकमेलाच महिन्याचे उत्पन्न समजावे.

यासाठी मे महिन्यात मुदत संपेल अशा बेताने उघडलेले बँकेचे एक वर्षाचे आवर्ती ठेव खाते (आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायचे खाते) सोयीचे पडते. टपाल खात्याची आवर्ती ठेव सुरक्षित असली, तरी तिची मुदत ५ वर्षांची असल्याने ती या कामाची नाही. यासाठी भिशीचाही विचार होतो; ती शिस्त लावते, हे खरेच आहे. पण आधी रक्कम उचललेल्या सभासदाने पुढचे हप्ते थांबवले तर दाद मागणे अवघड जाते, आणि बँकेतील ठेवींना असलेले ५ लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण तेथे नसते. म्हणून मुलांच्या फीचे पैसे भिशीत अडकवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्षाचे धान्य मात्र कोरडी जागा असेल तरच भरावे; गव्हाला नीट ऊन दाखवले नाही, तर पावसाळ्यात कीड लागून केलेली बचत वाया जाते.