मदत हवी आहे: घरच्या कामासाठी ट्रॉली जॅक आणि स्टँड कोणते घ्यावेत?
मंडळी, ऑइल बदलणं, ब्रेक पॅड, चाकांची अदलाबदल एवढी कामं आता घरीच करायचं ठरवलंय. गाडी हॅचबॅक, वजन साधारण 1,100 किलो. सोबत आलेला सिझर जॅक पंक्चरपुरता ठीक. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायची माझी तरी छाती नाही. ट्रॉली जॅक म्हणजे चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर उचलणारा) जॅक, त्याचंही तेच, सील गळलं की गाडी खाली. म्हणजे उचललेली गाडी टेकवायला स्टँड हवेतच.

2 टनी जॅक पुरेल की 3 टनी घेऊ? एका वेळी एकच बाजू उचलणार, त्यामुळे वजनाची चिंता नाही. पण 3 टनीचा दांडा बहुधा लांब असतो, जोर कमी लागतो. अडचण वेगळीच आहे: काही जॅकची किमान उंचीच इतकी, की टायर बसलेला असला तर जॅक गाडीखाली सरकणारच नाही. तुम्ही काय बघून घेतलात?

स्टँड रॅचेटचे (दात्यांवर अडकणारे) की आरपार पिनचे (भोकातून पिन घालून उंची ठरवायचे)? मला पिनचे भरवशाचे वाटतात, पण उंचीचे टप्पे मोठे पडतात. आणि लिहिलेले टन एका स्टँडचे की जोडीचे, हे नक्की कुठे बघायचं?

दाराखालची पत्र्याची कड दबू नये म्हणून खाचेचं रबर पॅड कोणी वापरतं का? टिकतं का ते?