घरातल्या जिन्यावर नव्या पायऱ्या बसवल्यात? अनुभव लिहा

चारकोपवाला:
चारकोपला आमचं जुनं रो हाउस आहे. आतला जिना सिमेंटच्या कोब्याचा, पायऱ्यांच्या कडा झिजून गोल झाल्यात. घरात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि जिन्यावरून उड्या मारत उतरणारा मुलगा. जिना तोडायचा नाही, आहे त्याच पायऱ्यांवर फळ्या किंवा दगड बसवायचाय. सुतार म्हणतो सागवान, गवंडी म्हणतो ग्रॅनाइट, आणि दोघांच्याही ओळखीचं एकेक दुकान आहेच! मुंबईच्या हवेत ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी लिहा. भाव राहू द्या, ते बदलत राहतात. दोन-चार पावसाळ्यांनंतर काय झालं ते सांगा.

पार्लेकरीण:
आमच्याकडे सागवान. दिसायला अजूनही झकास. पण सुताराने काम केलं मे महिन्यात आणि फट दिसायला नको म्हणून प्रत्येक फळी मागच्या चढणीला, म्हणजे पायरीच्या उभ्या भागाला, घट्ट ठोकून बसवली. जुलैत फळ्या फुगल्या. मागे सरकायला जागा नाही, मग पुढची कड उचलली गेली आणि पाय पडला की कुर्रर्र. रात्री पाणी प्यायला कोण उठलं ते अख्ख्या घराला कळायचं. दुसऱ्या सुताराने सांगितलं, लाकूड लांबीला फारसं फुगत नाही, रुंदीला फुगतं. त्याने मागच्या कडेवर रंधा मारून थोडी जागा केली आणि ती फट वरच्या चढणीच्या पट्टीखाली लपवली. आवाज गेला. फळ्या आणल्या आणल्या लावू देऊ नका, मध्ये काड्या घालून काही दिवस घरातच रचून ठेवा.

बोरिवलीकर:
ग्रॅनाइट घेणार असाल तर आरशासारखं पॉलिश नको. लेदर फिनिश, म्हणजे चामड्यासारखं किंचित खरखरीत, ते घ्या. पावसात ओल्या पायाने एकदा चढून बघा म्हणजे कळेल.

पार्लेकरीण:
लेदरमध्ये मळ बसतो हो. ब्रशने घासावं लागतं.

बोरिवलीकर:
घासू. हाड मोडण्यापेक्षा बरं. कडेला दोन-तीन खाचेही मारून घ्या, पण फार खोल नकोत, त्यातला मळ निघता निघत नाही. आणि कडप्पा किंवा कोटा बसवलात तर बाथरूमचं अ‍ॅसिड त्याच्या जवळपास नेऊ नका. दोन्ही चुनखडीचेच, डाग पडला की पडला.

गुण्या:
साइटवर आयुष्य गेलंय म्हणून थोडं लांब लिहितो. लाकूड की दगड हे नंतर. आधी टेप घ्या आणि प्रत्येक पायरीची उंची मोजा. खालपासून वरपर्यंत, एकही न सोडता.

सगळ्या पायऱ्यांवर सारख्या जाडीचा थर चढवला तर मधल्या पायऱ्यांमधलं अंतर तेवढंच राहतं. पण सगळ्यात खालची चढण तेवढ्याने वाढते आणि सगळ्यात वरची तेवढ्याने कमी होते, कारण खालची जमीन आणि वरचा मजला जागचे हललेले नसतात. एका नातेवाइकांच्या बंगल्यात गवंड्याने २० मिमी दगड आणि खाली २० मिमी सिमेंटचा माल घातला. सगळ्या चढणी १७० मिमीच्या होत्या. पहिली झाली २१०, म्हणजे पावणेसात इंचांची सव्वाआठ. शेवटची उरली १३०, जेमतेम पाच. त्या घरात वरच्या पायरीला जो तो अडखळायचा आणि प्रत्येक जण चपलेला दोष द्यायचा. पायाला मधल्या पायऱ्यांची सवय झालेली असते, तो बघत नाही.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरासाठी चढण जास्तीत जास्त १९० मिमी आणि पाय ठेवायची रुंदी कमीत कमी २५० मिमी सांगितली आहे. आकडा लक्षात राहिला नाही तरी चालेल, पण सगळ्या चढणी सारख्या हव्यात. त्या बंगल्यात शेवटी दगड काढले, कोबा छिन्नीने उतरवला आणि मग तेच दगड पुन्हा बसवले. कोबाच फक्त, स्लॅब नाही. गज दिसला की छिन्नी खाली ठेवायची.

विषम संख्या:
आमच्याकडे वास्तुवाल्याने पायऱ्या विषम हव्यात म्हणून तळाला एक बुटका ठोकळा वाढवायला लावला. गुण्याजींचं वाचून आत्ता कळलं की पाहुणे नेमके तिथेच का ठेचकाळतात. सासऱ्यांना सांगायची माझी छाती नाही.

दर्याकिनारी:
वरळी कोळीवाड्यात तळमजला अधिक एक, जिना लोखंडी, त्यावर चेकर्ड प्लेट. ओली झाली की ती नक्षी काही कामाची नाही. आम्ही प्लेटवर रबरी ट्रेड, म्हणजे पायरीवरचे पट्टे, लावले, साध्या स्क्रूने. खाऱ्या हवेने स्क्रूची डोकी खाल्ली आणि रबर एका कोपऱ्याने हलायला लागलं. हलणारं रबर बोडक्या लोखंडापेक्षा वाईट. मग ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, खाऱ्या हवेत कमी गंजणारे स्क्रू घेतले, महाग पडले, पण आहेत अजून. दुकानदार ३०४ दाखवेल, समुद्र समोर असेल तर ३१६ च मागा. घसरू नये म्हणून लावतात ती काळी टेपही लावून बघितली होती. चौकोनी कोपरे आधी उचलतात, ते कात्रीने गोल करा आणि लावण्याआधी पृष्ठभाग थिनरने पुसून कोरडा करा. धुळीवर चिकटवलेली टेप पहिल्याच पावसात हातात येते.

मुलुंड पूर्व:
डुप्लेक्समध्ये वळणावरच्या तिरक्या पायऱ्या होत्या. सुताराने एक मापून बाकीच्या तशाच कापायचा बेत केला होता. दोन पायऱ्या कधी सारख्या नसतात, भिंतही गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसते. प्रत्येक पायरीचा पुठ्ठ्याचा साचा कापून घेतला, त्यावर नंबर टाकला आणि भिंतीकडची बाजू कुठली तेही लिहिलं, नाहीतर उलटी कापली जाते. कापाकापी बाहेरच करून आणली, कारण सोसायटीत दुपारी मशीन चालवायला बंदी. प्लायवर व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) करणार असाल तर प्लायवर IS ७१० चा शिक्का बघा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय.

गिरगावातली:
आमचा पोटमाळ्याचा जिना इतका उभा की आजी शिडीसारखी पाठमोरी उतरायची. तिथे नव्या फळ्यांनी काही होत नाही. दोन्ही बाजूंना कठडा आणि वर-खाली टू-वे स्विच, एवढंच केलं. आणखी एक, सासूबाईंसाठी पायरीची कड वेगळ्या रंगाची ठेवा. गडद दगडावर उतरताना कड दिसतच नाही.

चारकोपवाला:
मोजलं. मधल्या सगळ्या १७० च्या आसपास. सगळ्यात खालची १५०, वरची १९०. म्हणजे आधीच गडबड आहे ना?

गुण्या:
दोन्ही मजल्यांवर नंतर फरशी घातली आणि जिना तसाच सोडला, त्याचा हा परिणाम. उलट चांगलं झालं. आता बरोबर २० मिमी चढवलेत की वरपासून खालपर्यंत १७०. फळी किंवा दगड आणि खालचं चिकट, सगळं मिळून २०. गवंडी मालाच्या थरात बसवतो म्हणाला तर नको म्हणा, १६ मिमीचा दगड आणि टाइल अ‍ॅडेसिव्ह.

चारकोपवाला:
मग दगडच. लेदर फिनिश, कडेला फिकट पट्टी. सुताराला कठड्याचं काम देतो, नाहीतर तो बोलायचा नाही.