लिटरचा ढीग गार पडलाय, आत राखेसारखा पांढरा. काय चुकलं?

प्रश्न – हातकणंगलेकर
चार हजार पक्ष्यांचं ब्रॉयलर शेड आहे. बॅच गेली की शेडमधलं अंथरूण, म्हणजे लिटर, दोन ट्रॉली निघतं, भाताचं तूस आणि विष्ठा. आजवर तसंच उसाला टाकायचो. मागच्या लागणीला कोंब करपले, म्हणून यंदा कुजवून टाकायचं ठरवलं.

चिंचेखाली ढीग घातला, पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढली तर हातात धरवेना. मी खूश! पण वास असा की डोळ्यांतून पाणी. शेजारचे आण्णा बांधावरनं म्हणाले, "खत हाय का अश्रुधूर?"

तीन आठवड्यांत ढीग गार. फोडला तर तूस जसंच्या तसं, आणि वीतभर आत सगळं पांढरं, कोरडं, फुंकलं तर उडतंय. बुरशी लागली का? दुकानदार म्हणतोय कल्चरची, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंची, बाटली घ्या.

उत्तर – गुऱ्हाळवाला
बाटली कशाला? गुळाचं पाणी आणि शेणकाला शिंपडा. आमच्यात सगळ्याला हेच औषध.

उत्तर – मातीतला माणूस
दादा, फेकू नका. ते पांढरं बहुतेक ॲक्टिनोमायसिटीज आहे. जात जिवाणूंची, पण बुरशीसारखे धागे काढते. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, तो यांच्याच भावकीचा. ते दिसणं वाईट नाही. वाईट आहे तो कोरडेपणा. ढिगानं आपल्याच उष्णतेनं आपलं पाणी उडवलं. जिवाणू खातात ते कणांवरच्या ओलीच्या पातळ थरात. ओल ४० टक्क्यांखाली गेली की त्यांचं काम रेंगाळतं. तुमचा ढीग कुजून गार झालेला नाही, तहानेनं झोपलाय.

आता अश्रुधुराचं. कोंबडीची लघवी वेगळी नसते, विष्ठेवरचं पांढरं म्हणजे युरिक ॲसिड. जिवाणू त्याचा आधी युरिया करतात, मग अमोनिया. त्यांना एक भाग नत्रामागे २५-३० भाग कर्ब लागतो. लिटरमध्ये तो साधारण १०-१५ असतो. उरलेलं नत्र हवेत. आण्णांच्या डोळ्यांत गेलं ते तुमच्या उसाचं खत! तुसात कर्ब आहे, पण सिलिका आणि लिग्निन (काडीला कडक करणारा घटक) यांमुळे तो पटकन सुटत नाही. म्हणून उसाचं पाचट घाला. आपल्याकडे लोक ते पेटवतात आणि मग खताला पैसे मोजतात, असो.

लिटरइतकीच पाचटाची कुट्टी, थरावर थर, प्रत्येक थराला पाणी. मुठीत दाबल्यावर बोटांत एखादा थेंब यावा, धार नको. धार आली की आत हवा राहत नाही आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. उंची छातीपर्यंत. ६५ अंशांवर गेलं की पालटा. ५५ च्या वर १५ दिवस राहून तेवढ्यात पाच वेळा पालटलं, तर साल्मोनेलासारखे रोगजंतू मरतात. सळईवर अंश कळत नाहीत, लांब दांड्याचा थर्मामीटर घ्या.

गुऱ्हाळवाले, रागावू नका. लिटरमध्ये जिवाणू मुळातच कोट्यवधी आहेत. गूळ एक-दोन दिवस उसळी देईल, पण पाण्याची आणि पाचटाची उणीव भरणार नाही.

प्रश्न – पन्हाळ्याची ताई
रोजची मर त्यात घातली तर चालेल का?

उत्तर – मातीतला माणूस
एखाददुसरा पक्षी चालतो. मधोमध ठेवा, सगळीकडून फूटभर झाकण हवं, नाहीतर कुत्री उकरतात. पिसं शेवटपर्यंत दिसतील; त्यांतलं केराटिन नावाचं चिवट प्रथिन फोडणारे जिवाणू मोजकेच. एकदम मोठी मर झाली तर ढिगाकडे नाही, आधी पशुवैद्यकांकडे.

हातकणंगलेकर
दीड ट्रॉली पाचट आणि पाच बॅरल पाणी गेलं. चौथ्या दिवशी थर्मामीटर ६१. वास आहे, पण डोळे उघडे राहतात. आण्णा काल येऊन ढिगात हात घालून गेले. चटका बसला, पण बोलले नाहीत. आज त्यांच्या बांधावर पाचटाचा ढीग दिसतोय, पेटवलेला नाही.