परळ विधानसभा: आपापल्या घरातल्या निवडणुका सांगा

२००८ च्या पुनर्रचनेत परळ हा विधानसभा मतदारसंघ संपला. मुंबई शहराच्या १७ जागांच्या १० झाल्या, उपनगरांच्या १७ च्या २६. लालबाग, काळाचौकी, परळ हा पट्टा शिवडीत गेला, लोअर परळकडचा भाग वरळीत. कोण किती मतांनी आला हे आयोगाच्या तक्त्यांत सापडतं. पण मतदानाला कोण कसं गेलं, घरात कशावरून वाजलं, कुणी कुणाशी बोलणं टाकलं, हे फक्त आपल्याला ठाऊक आहे. ज्यांनी १९७० ची परळची पोटनिवडणूक पाहिली ती माणसं आता थकलीत. म्हणून हे आवाहन. गिरणगावातल्या, म्हणजे कापड गिरण्यांच्या या पट्ट्यातल्या, कुठल्याही निवडणुकीची आठवण लिहा. परळ, माझगाव, नायगाव, वरळी, काहीही चालेल. पक्षाचा प्रचार नको, पाहिलंत ते लिहा.

लालबाग

कृष्णा देसाईंचा खून ५ जून १९७० च्या रात्री झाला. मी शाळकरी होतो. तावरीपाडा आमच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर. सगळी चाळ गॅलरीत उभी होती आणि आई सारखी दाराची कडी बघत होती. देसाई आमचे आमदार, कम्युनिस्ट पक्षाचे. आमच्या मजल्यावर त्यांना नावानं हाक मारणारी माणसं होती, त्यामुळे ती बातमी घरातल्यासारखी लागली.

ऑक्टोबरात पोटनिवडणूक लागली. त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, समोर शिवसेनेचे वामनराव महाडिक. वडील गिरणीत, लाल बावट्याच्या युनियनचे. धाकटे काका शिवसेनेच्या शाखेत जाणारे. दोघं एकाच खोलीत राहायचे आणि एकाच पंगतीला बसायचे. वडील म्हणायचे, नवरा गमावलेली बाई उभी आहे, मत दुसऱ्या कुणाला देणार? काका म्हणायचे, मराठी पोरांच्या नोकऱ्यांचं कोण बोलतंय ते बघा. आई दोघांना वाढायची आणि मध्ये पडायची नाही. तिचं मत कुणाला गेलं ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

महाडिक १,६७९ मतांनी निवडून आले. शिवसेनेचा पहिला आमदार. काका गुलालानं माखून आले तेव्हा वडिलांनी उंबऱ्यातच अडवलं, "आधी नळावर जा, हे धुऊन ये, मग घरात." काका मुकाट्यानं गेले. दिवाळी तोंडावर होती. फराळ झाला, पण दोघं भाऊ बोलले नाहीत.

पुढे महाडिक महापौर झाले, १९८९ ला खासदारही झाले. पण त्या निकालानं लाल गिरणगाव संपलं असं जे सरसकट लिहिलं जातं ते मला पटत नाही. १,६७९ म्हणजे दोन-चार चाळींचं मतदान. १९७४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत याच पट्ट्यातून कम्युनिस्ट नेते डांग्यांची मुलगी रोझा देशपांडे निवडून आली. काँग्रेसच्या रामराव आदिकांना तेव्हा शिवसेनेचा पाठिंबा होता, तरीही. माझ्या वडिलांसारखी माणसं १९७० नंतरही इथंच होती आणि मतं देत होती.

परळ, निवृत्त शिक्षिका

मी मतमोजणीच्या बाजूनं लिहिते, कारण मतदानाचं मशीन आल्यापासून मुलांना ते समजावून सांगावं लागतं. पेट्या उघडल्या की मतपत्रिका आधी एकत्र मिसळायच्या, म्हणजे कुठल्या चाळीनं कुणाला मत दिलं ते कळू नये. मग उमेदवारवार वेगळ्या करून गठ्ठे बांधायचे. खरी कसोटी शंकास्पद मतांची. लोक शिक्का मारून शाई वाळायच्या आत घडी घालायचे, की दुसऱ्या नावावर त्याचा ठसा उमटायचा. समोर दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी माना ताणून बसलेले. एक म्हणे बाद करा, दुसरा म्हणे माझं आहे. पण शिक्क्यातल्या फुलीच्या बाणांची टोकं एका दिशेनं वळलेली असतात. उमटलेल्या ठशात ती उलटी दिसतात. ती पत्रिका मी दिव्याखाली धरून दोघांना दाखवायची: हा मूळ शिक्का, हा घडीचा डाग. मत वैध. मग दोघंही गप्प बसायचे.

रात्र उलटून जायची, बोटं जांभळी व्हायची. एका माणसाचं मत वाचवण्यासाठी चार जण एका कागदावर वाकलेत, हे मी इतक्यांदा पाहिलंय की 'माझ्या एका मतानं काय होतंय' असं कुणी म्हटलं की मला मनापासून राग येतो.

माझगाव

१९८५ ला छगन भुजबळ माझगावातून मशाल चिन्हावर उभे होते. शिवसेनेला धनुष्यबाण अजून मिळायचा होता. आमच्या यजमानांनी गेरूनं भिंतीवर मशाल रंगवली होती, ज्वाळा जरा वाकडी आली म्हणून पुसून परत काढली. भुजबळ निवडून आले. १९९१ ला ते काँग्रेसमध्ये गेले तेव्हा आमच्या घरात खरोखर सुतक पडल्यासारखं झालं. १९९५ ला बाळा नांदगावकरांनी त्यांना इथंच पाडलं. त्या रात्री वाडीत कुणी झोपलं नाही.

२०२४ ला आमचा भाग भायखळ्यात. सासूबाईंना मी मशीनचा नमुना दाखवला. त्यावर धनुष्यबाणही आणि मशालही. त्यांनी दोन्हींवर बोट ठेवून विचारलं, "दोन्ही आपलीच ना गं? मग भांडण कुणाशी?" मला उत्तर सुचलं नाही.

बदलापूर, मूळचा काळाचौकीचा

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट आली, पण दक्षिण मध्य मुंबईनं संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. वडील दोन वर्षं पगाराविना होते, आईची खाणावळ बंद पडली होती, कारण जेवणारे गडी गावाला निघून गेले. तरी त्या दिवशी दोघं इस्त्रीचे कपडे घालून गेले. हरलेल्या माणसांनी दिलेलं मत होतं ते, आणि मला त्याचा अभिमान आहे.

खोली विकून आम्ही इकडे आलो. नाव बरीच वर्षं तिकडच्याच यादीत होतं. मतदानाच्या दिवशी लोकल पकडून जायचो, नाक्यावरच्या टेबलावरून चिठ्ठी घ्यायचो, शेजाऱ्यांना भेटायचो. नंतर नाव इकडे आणलं. जिथं राहतो तिथं मत द्यावं, हेच बरोबर. पण बदलापूरला रांगेत मला ओळखणारं कुणी नसतं.

लालबाग, पुनर्विकासातली इमारत

माझं पहिलं मत २००९ चं, शिवडीत. नांदगावकर तेव्हा मनसेकडून आले. मनसेच्या मुंबईतल्या सहा जागांपैकी ही एक. शाखा सोडलेले आणि न सोडलेले आमच्याच मजल्यावर राहत होते आणि जिन्यात एकमेकांना वाट देत नव्हते. २०१४ पासून सलग शिवसेनेचे, आता ठाकरे गटाचे, अजय चौधरी. २०२४ ला पुन्हा हेच दोघं समोरासमोर, आणि चौधरी आले.

२०२४ ला मुंबईत काही मोठ्या सोसायट्यांतच मतदान केंद्रं दिली. सोय झाली, वयस्कर लोक खाली उतरून मत देऊन आले. मला मात्र शाळेतली रांगच हवी आहे. तिथं टॉवरमधला मालक आणि संक्रमण शिबिरातल्या काकू एकामागे एक उभ्या असायच्या. आमच्या भागात ते दुसरीकडे कुठेच होत नाही.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. एक विनंती आहे: १९७० च्या प्रचाराचं पत्रक, मतदार चिठ्ठी, कुठल्याही पक्षाचं, कुणाच्या ट्रंकेत असेल तर फोटो काढून ठेवा. पुनर्विकासात घरं रिकामी करताना असले कागद आधी रद्दीत जातात. वरळीचं अजून कुणी लिहिलेलं नाही. १९७४ च्या दलित पँथर-शिवसेना दंगलीत बीडीडी चाळींत कोण होतं? २०१९ ला ठाकरे घराण्यातलं पहिलं माणूस, आदित्य ठाकरे, तिथून निवडून आलं आणि २०२४ ला मताधिक्य ८,८०१ वर आलं, या दोन निवडणुकांच्या मधलं तिथल्या रहिवाशांकडून ऐकायचं आहे.